देवीसमोरच्या दोन पुड्या

माझ्या नोकरीचं नाव इंग्रजीत आहे आणि ते व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत जेमतेम मावतं. सोलापूरला गेले की काका दर वेळी विचारतात, म्हणजे तू नक्की करतेस काय? दर वेळी मी कॉम्प्युटरचं काम म्हणते आणि विषय शेंगाचटणीकडे वळवते. खरं सांगायचं तर मोबाइलवर लोकांनी कुठलं बटण दाबावं हे मी ठरवते आणि ते त्यांनीच ठरवलं असं त्यांना वाटेल याची तजवीज करते. 'हो, हवं' हे बटण हिरवं, गुबगुबीत, अंगठ्याच्या बरोब्बर खाली. 'नको' हे राखाडी, बारीक, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. शिवाय त्यावर नुसतं 'नको' लिहायचं नाही, 'नको, मला घरच्यांची काळजी नाही' असं लिहायचं. एवढं वाचूनही ज्याचा अंगठा तिकडेच जातो त्याला आम्ही अदबीनं विचारतो, उद्या आठवण करू की परवा? 'करूच नका' हा पर्याय आम्ही ठेवत नाही. फार पर्याय दिले की लोकांचा गोंधळ उडतो, असं आमच्या ऑफिसचं म्हणणं आहे, आणि लोकांचा गोंधळ आमच्याच्यानं बघवत नाही.

या विद्येसाठी मी दोन पदव्या घेतल्या. मग लग्न होऊन चेन्नईला आले आणि कळलं की शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावातल्या एका स्वयंपाकघरात हीच विद्या रोज सकाळी काफीबरोबर फुकट वाटली जाते.

ते स्वयंपाकघर माझ्या सासूबाईंचं. त्यांना सगळे अम्मा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सासरची मंडळी तंजावरची मराठी. पूर्वज कधीतरी घोड्यावर बसून खाली आले आणि परतीचा रस्ता विसरले. भाषा मात्र विसरले नाहीत. अम्मांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, आपल्याशी कोणीतरी ताम्रपट बोलतोय, आणि तोही तमिळ हेल काढून. अम्मा आवडीच्या शाळेत गणित शिकवायच्या. सासरे तिथल्याच संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. निवृत्तीनंतर दोघांनी क्वार्टर्सपासून जवळच दोन खोल्यांचं घर बांधलं. अंगणात एक नारळ, एक पांढरी तगर आणि फाटकाशी तांबडी कण्हेर.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले. काफीच्या डिकॉक्शनचा वास घरभर सुटला होता. अम्मांनी माझ्याकडे प्रेमानं पाहून विचारलं, आधीं नुसतं स्नान करतेस कीं केसांवरूनही? मी जरा विचार केला, केसांवरून म्हटलं आणि न्हाऊन बाहेर आल्यावर ओल्या डोक्यानं माझ्या लक्षात आलं की मला तर आधी काफी हवी होती. मग हिरवी नेसतेस कीं जांभळी, असं विचारलं गेलं. मी चुडीदार काढून ठेवला होता. तो बिचारा शर्यतीत उतरण्याआधीच बाद झाला.

आमच्या सोलापुरात असलं काही नसतं. जेवणार का, असं विचारतात. नाही म्हटलं तर ताट मांडत नाहीत, हो म्हटलं तर उठू देत नाहीत. पण प्रश्न सरळ असतो आणि 'नाही' म्हणायची सोय असते. अम्मांच्या घरात ती सोय बांधलेलीच नव्हती. पाहुणा दारात उभा राहिला की, काफी कीं ताक? कोरड्या घशानं त्या घरातून कोणी बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. मुलं लहान असताना, आधीं गणित कीं आधीं इंग्रजी? सासरे कारखान्यात माणसांवर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, पण घरी त्यांना विचारलं जायचं, भाजीला आतां जातां कीं अर्ध्या तासानं? ते पेपर बाजूला ठेवून, कपाळाला आठ्या घालून, मोठा निकाल द्यावा तसं 'अर्ध्या तासानं' म्हणायचे. मग अर्ध्या तासानं पिशवी घेऊन निघताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान असायचं.

नवऱ्याला मी हे सगळं उलगडून सांगितलं तेव्हा तो दुखावला. अम्मानं मला आयुष्यात कधी कशाची सक्ती केली नाही, असं तो म्हणाला. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

एकदा उडदाच्या पिठाचं डांगर कालवता कालवता मी अम्मांनाच विचारलं की ही कला तुम्ही शिकलात कुठे. त्यांना प्रश्न कळला नाही, किंवा कळला नाही असं त्यांनी दाखवलं. मग बऱ्याच वेळानं, डांगरात ताक घालता घालता, त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. अम्मांना पुढे गणित शिकायचं होतं. कुंभकोणमच्या कॉलेजात जागा मिळाली होती. त्याच आठवड्यात वडिलांनी त्यांना ओसरीवर बोलावून विचारलं, लग्न तै महिन्यात करायचं की वैकासीत? तै म्हणजे संक्रांतीनंतरचा महिना, वैकासी म्हणजे ऐन उन्हाळा. अम्मांना उन्हाळा सोसत नाही. त्यांनी तै म्हटलं. वडील सगळ्यांना सांगत, आमच्या घरी मुलीला विचारल्याशिवाय काही होत नाही. अम्मांनी हे सांगितलं आणि मला विचारलं, डांगरांत हिंग आतां घालतेस कीं फोडणींत? मी फोडणीत म्हटलं. गणित त्या पुढे घरबसल्या, टपालानं शिकल्या, लग्नानंतर, मुलं झोपवून.

आमच्या लग्नाचीही एक गोष्ट आहे. ती नवरा पाहुण्यांना अजून सांगतो, म्हणून मला पाठ आहे. सासऱ्यांना मी नको होते. माझ्याबद्दल वैयक्तिक तक्रार नव्हती, फक्त मी तंजावरची नव्हते. महाराष्ट्रातली मुलगी, तिला आपल्या रीती काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. अम्मांनी वाद घातला नाही. त्यांनी मला परगावची म्हणणं बंद केलं आणि 'तुळजापूरजवळची' म्हणायला सुरुवात केली. त्यांची कुलदेवी तुळजाभवानी, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातलं कोणी तुळजापूरला गेलेलं नव्हतं. मी तीच, सोलापूरही तेच, फक्त एसटीचा फलक बदलला. सासरे जरा पाघळले, पण हो म्हणेनात. तेव्हा अम्मा म्हणाल्या, मग देवीलाच विचारूं.

देवीला विचारायची तिकडची रीत अशी. एका पानात पांढरं फूल, दुसऱ्यात तांबडं, दोन्हींच्या सारख्या पुड्या बांधायच्या आणि देवासमोर ठेवायच्या. पांढरं म्हणजे होकार, तांबडं म्हणजे नकार. मग कोणीतरी, शक्यतो लहान मुलानं, एक पुडी उचलायची. आपल्याकडच्या, कोकणातल्या कौलासारखंच, फक्त इथे देवाला फूल पाडायचेही कष्ट नाहीत. त्या दिवशी पुडी सासऱ्यांनी स्वतः उचलली. पांढरी तगर निघाली. सासरे देवीला नमस्कार करून मुकाट्यानं पत्रिका छापायच्या कामाला लागले. नवरा ही गोष्ट सांगताना शेवटी थांबतो, माझ्याकडे बघतो आणि देवीचीच इच्छा होती असं म्हणतो. पाहुणे गहिवरतात. मी बटाट्याची भजी आणायला आत जाते.

सासरे गेले आणि अम्मा आवडीच्या घरात एकट्या राहिल्या. आम्ही भर शहरात, नुंगंबाक्कमला फ्लॅटमध्ये. दर रविवारी जायचो, डबे घेऊन यायचो. सगळं बरं चाललं होतं. मग एका सकाळी अम्मा न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. दाराला आतून कडी होती. शेजारणीनं हाका मारून मारून शेवटी कोणाला तरी भिंतीवरून आत उतरवलं, तोवर अम्मा ओल्या फरशीवर पडून होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या खाटेवर बसून शेजारणीला विचारत होत्या, काफी घेतेस कीं ताक? पण ओतायला त्या उठल्या नाहीत. ते मला दिसलं. त्या न उठण्याची मला भीती वाटली, अजून वाटते.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. अम्मांना तिथे एकटं ठेवायचं नाही. नवऱ्याची झोप उडाली. पण सरळ चल म्हणायची त्याची छाती होईना. अम्मांना त्या घरातून उठवायचं म्हणजे सासऱ्यांनाच पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं, असं त्याला वाटे. शिवाय अम्मा नाही म्हणाल्या तर? एकदा नाही निघालं की ते नाहीच, त्यांना तो चांगला ओळखून होता. मग त्याला एकदम आठवलं की आपल्या बायकोनं याच विषयात दोन पदव्या घेतल्या आहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला माझी नोकरी नेमकी काय आहे ते समजलं.

मला काय, हुरूप आला. रविवारच्या जेवणानंतर आम्ही सुरुवात केली. येणार का असं विचारायचंच नाही, हा पहिला नियम. येणं गृहीत धरायचं आणि पुढचं विचारायचं. मी म्हटलं, अम्मा, तुम्हाला रस्त्याकडची खोली आवडेल की मागची? अम्मांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, मागच्या खोलीत आता कोण निजतं? कोणी नाही, इस्त्रीचं टेबल आणि बॅगा आहेत, असं मी सांगितलं. मग त्या बॅगा कुठे ठेवणार, असं त्यांनी विचारलं. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं माझ्या बॅगांच्या भवितव्यावर बोललो. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, छान झालं. मी विचारलं, काय छान झालं? त्यानं हॉर्न वाजवला.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, पोंगलच्या आधी सोयीचं पडेल की नंतर? अम्मा म्हणाल्या, पोंगलचा ऊस इकडून न्यायचा कीं तिकडेच मिळतो? प्रश्नाला प्रश्न, आणि तोही दोन पर्यायांचा. ऑफिसात कोणी असं केलं तर आम्ही त्याला नोकरी देऊ.

तेव्हा मी ठेवणीतलं हत्यार काढलं. आमच्यात एक युक्ती आहे. दोन पर्यायांत माणूस अडला तर तिसरा एक वाईट पर्याय शेजारी ठेवायचा. तो कोणी निवडू नये यासाठीच ठेवायचा, म्हणजे त्याच्याकडे बघून शेजारचा गोड वाटायला लागतो. आमच्याकडे तसा पर्याय तयार होता. माझी नणंद, जिला मी अक्का म्हणते, ती एन्नोरला राहते. तिचा नवरा वीजकेंद्रात, घर क्वार्टर्समध्ये, दोरीवर पांढरा शर्ट वाळत घातला तर संध्याकाळी करड्या रंगाचा होऊन आत येतो. त्यात अक्काच्या घरी सासू-सासरे, दोन वयात आलेल्या मुली आणि एकच न्हाणीघर. मी फोनवर अक्काला योजना समजावली. तिनं ऐकून घेतलं आणि थंडपणे विचारलं, म्हणजे माझं घर वाईट, असं सांगायचं आहे तर? तिची समजूत काढायला मला आठवडा लागला. कांजीवरम साडीचं एक जुनं वचनही त्यात पाळावं लागलं.

मग रविवारी मी पर्याय मांडले. अम्मा, एन्नोरला अक्काकडे जाता की नुंगंबाक्कमला आमच्याकडे? अम्मांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "एन्नोर बरं आहे. समुद्र आहे." पुढचे दोन दिवस अक्का मला फोन करून रडत होती आणि मी बाल्कनीत उभी राहून तिला सांगत होते की अगं, त्या तसं म्हणाल्या असल्या तरी तसं म्हणाल्या नाहीत.

हे सगळं आता हसत हसत सांगते आहे, पण मधे एक रविवार असाही होता ज्याचं मला हसू येत नाही. आमच्या विद्येत म्हणतात की माणसाला काय मिळेल ते सांगू नका, काय जाईल ते सांगा. माणूस मिळण्यापेक्षा जाण्याला जास्त घाबरतो. मी नवऱ्याला सहज हे सांगितलं होतं. त्यानं ते जसंच्या तसं उचललं आणि जेवताना अम्मांना म्हणाला, "इथं पुन्हा पडलीस तर कोणाला कळणारसुद्धा नाही, अम्मा." अम्मांच्या हातातली रसमची पळी पातेल्यावर तशीच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नवरा पानावरच्या भाताशी खेळत बसला. मला त्याचा राग आला, आणि माझ्या विद्येचाही आला. पण उठून आत मी गेले नाही, तोही गेला नाही. आम्ही दोघं अम्मांना वेळ देत होतो. आमच्यात तेही चांगलं मानतात.

त्यानंतर आम्ही विषय सोडून दिला. नवरा रोज ऑफिसातून फोन करायचा. अम्मा उचलेपर्यंत तो श्वास रोखून उभा असायचा, आणि त्या हॅलो म्हणाल्या की काय चाललंय असं अगदी निष्काळजी आवाजात विचारायचा. मी ऑफिसात हिरवी बटणं आणखी हिरवी करत होते.

आणि मग अम्मांचाच फोन आला. शुक्रवारी सकाळी दोघं या, म्हणाल्या. काय ठरवायचं ते देवीलाच विचारूं.

नवरा फोन ठेवून सोफ्यावर बसला आणि म्हणाला, संपलं. देवी अम्माची, फुलं तिच्या अंगणातली, पुड्या ती बांधणार. तांबडं निघणार आणि मग जन्मभर हा विषय काढता येणार नाही. मलाही तसंच वाटलं. आमच्या ऑफिसात नको असलेला निर्णय वरच्या साहेबांकडे ढकलतात. अम्मांनी तो सगळ्यात वरच्या साहेबांकडे ढकलला होता, जिच्याशी मीटिंग मिळत नाही.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून रांगोळीचं कोलम काढलेलं होतं. अम्मांना वाकायला नको सांगितलेलं असताना काढलेलं होतं, पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती. देव्हारा म्हणजे भिंतीतला एक कोनाडा, त्यात भवानीची तसबीर. आम्हाला बाहेर बसवून अम्मा फुलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि तबकात दोन पुड्या घेऊन आल्या. केळीच्या पानाच्या, केळीच्याच सोपटानं बांधलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. पांढरं निघालं तर नुंगंबाक्कम, तांबडं निघालं तर आवडी, असं त्यांनी देवीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. एक पुडी उघडायची, दुसरी उघडायची नाही, ती तशीच झाडाशी सोडायची. उघडली तर देवीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पुडी उचलायला लहान मूल लागतं, पण आमच्या घरात ते नव्हतं. मग परघरून आलेली ती मुलासारखीच, असं म्हणून अम्मांनी तबक माझ्यापुढे केलं.

आता मला सांगा, ज्या बाईनं अशी तबकं लोकांपुढे धरण्यातच करिअर केलं, तिच्यापुढे तबक धरून काय उपयोग? मी हात पुढे केला आणि थांबले. उजवीकडची पुडी माझ्या हाताच्या किंचित जवळ होती. तिची गाठ वर होती, पान जरा जास्त हिरवं होतं. बटण कुठे ठेवायचं हे मला कोणी शिकवायला नको. अम्मांना इथेच राहायचं आहे, म्हणजे ज्या पुडीकडे माझा हात आपोआप जावा असं मांडलं आहे, तांबडं तिच्यातच असणार. नवरा माझ्या हाताकडे असा बघत होता की मला त्याची दया आली. मी उजवी सोडली आणि हात लांब करून डावी उचलली. त्या क्षणी मला माझ्या दोन्ही पदव्यांचा, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

सोपट सोडलं. आत पांढरी तगर.

नवऱ्यानं देवीला हात जोडले आणि ते बराच वेळ खाली आणले नाहीत. अम्मा नुसतं "सरी" म्हणाल्या, म्हणजे बरं. काफी गाळते म्हणून त्या आत गेल्या. नवऱ्याला तिथे उभं राहवेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान भरायला रिकामी खोकी आणतो, असं सांगून तो चप्पल पायात अर्धी अडकवूनच बाहेर पळाला. फाटकाबाहेरून त्याचा अक्काशी फोनवर बोलतानाचा आवाज येत होता. देवीचीच इच्छा, असं तो सांगत होता.

मी तबक उचललं. दुसरी पुडी झाडाशी सोडायची होती. ती तशीच सोडायला हवी होती हे मला मान्य आहे. पण आमच्या ऑफिसात माणसानं एक बटण दाबलं की न दाबलेल्या बटणाचाही आम्ही अभ्यास करतो, आणि अम्मांचं कसब मला जवळून बघायचं होतं. सख्ख्या बहिणींसारख्या पुड्या त्यांनी बांधल्या कशा, गाठ वर का ठेवली, एवढंच. मी सोपट सोडलं.

आत पांढरी तगर होती.

मी पान उलटून पाहिलं. तबकात पाहिलं, देव्हाऱ्याखाली पाहिलं. खिडकीतून फाटकाशी कण्हेर दिसत होती, वरपासून खालपर्यंत तांबडी, एक फूल तोडल्याची खूण नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. आधी मला काही समजेना, आणि समजलं तेव्हा ते एकदम दोन्हीकडून समजलं. आजचं समजलं, आणि सासरे देवीला नमस्कार करून मुकाट्यानं पत्रिका छापायला गेले होते तेही समजलं.

वर पाहिलं तर दारात अम्मा उभ्या होत्या.

"उघडलीस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मग जे आधी तोंडात आलं तेच विचारलं. "अम्मा, आमच्या लग्नाच्या वेळीसुद्धा?"

अम्मांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "त्या दिवशीं तांबडीं फुलं मिळालींच नाहींत," त्या म्हणाल्या.

ती कण्हेर बारा महिने फुलते. मी इतकी वर्षं त्या घरात येते आहे, तिला बिनफुलाची मी पाहिलेली नाही. मला देवीनं निवडलं म्हणून ज्या घरात सगळे मला मानाचं पान वाढत होते, तिथे मला या बाईनं निवडलं होतं, एकटीनं, स्वतःच्या नवऱ्याच्या नाकावर टिच्चून, आणि त्याचं श्रेय एका शब्दानंही घेतलं नव्हतं. मला रडू आलं. ते लपवायला मी जरा चिडूनच बोलले. म्हटलं, मग आज तरी सरळ येते म्हणायचं होतं. आम्ही किती रविवार डोकी फोडली, अक्का रडून रडून आजारी पडायची बाकी राहिली, तुमचा मुलगा झोपत नाही. तुम्हाला यायचं होतं तर म्हणाला का नाहीत?

अम्मा माझ्यासमोर पाटावर बसल्या. बसताना त्यांनी भिंतीला हात लावला. हल्ली लावतात.

"न्हाणीची कडी मी लावीत नाहीं आतां," त्या म्हणाल्या. "भ्या वाटतें. उघड्या दारानं स्नान करतें, ह्या वयांत." मग म्हणाल्या, "तुम्ही खोली कोणती विचारलांत. पोंगलच्या आधीं कीं नंतर विचारलांत. एन्नोर विचारलांत. या, असं कोणी म्हटलं काय? न बोलावतां मी कशी येऊं, पोरी?"

फाटकाबाहेर नवरा अजून फोनवर देवीचं कौतुक करत होता. तै की वैकासी विचारलेल्या बाईला आम्हीही तेच विचारत बसलो होतो, वर तिला फसवण्यात आपण किती हुशार याचा हिशेब गाडीत बसून करत होतो. इतके दिवस ती एका शब्दाची वाट बघत होती आणि तो आमच्या कुठल्याच पर्यायात नव्हता.

मी डोळे पुसले, उठून उभी राहिले आणि सोलापूरला दारात आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले, "अम्मा, आमच्याकडे राहायला या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तसबिरीकडे पाहिलं. पदर नीट केला.

"येतें," म्हणाल्या. मग माझा हात धरून उठल्या, दोन्ही तगरीची फुलं तबकातून उचलून देवीच्या पायाशी ठेवली आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता नेहमीच्या आवाजात विचारलं, "काफी इथें पिऊन निघायचं, कीं तिथें जाऊन पिऊं?"

मी खरंच विचार करायला लागले. मग त्यांच्या मागून आत गेले. ओट्यावर काफीचे दोन टंबलर आधीच भरून ठेवलेले होते.